परकराची काळी फीत

हॉस्पिटलच्या किचनमध्ये माझ्या शेजारी भांडी धुणाऱ्या त्या इंग्लिश बाई नसत्या, तर मँचेस्टरमध्ये मी टिकलेच नसते. मशीन कसं लावायचं, सुपरवायझरला काय उत्तर द्यायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. मी आठवीतून शाळा सोडलेली. इंग्रजी बोलताना अडखळायची. त्या हातातलं काम थांबवून ऐकायच्या. म्हणून आधी त्यांचं सांगते.

ऐंशीच्या दशकात आमच्या किचनचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं. "उद्या गेटवर प्रोटेस्ट. येशील ना, लव्ह?" बाईंनी विचारलं. लव्ह त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. मी लगेच हो म्हटलं. प्रोटेस्ट म्हणजे निषेध, एवढं ठाऊक होतं. आणि निषेध तर मी घरात पाहिलेला. वडील नगरपालिकेत शिपाई. निषेध असला की आई त्यांच्या बाहीला काळी फीत टाचायची आणि ते रोजच्यासारखे कामावर जायचे.

सकाळी मी जुन्या काळ्या परकराची पट्टी कापून कोटाच्या बाहीला टाचली.

गेटवर सगळे काम बंद ठेवून पाट्या घेऊन उभे. माझी बाही पाहून गलका थांबला. पेशंटच्या गाड्या ढकलणाऱ्या एका पोर्टरनं टोपी काढली. "सॉरी फॉर युअर लॉस." लोकांनी वाट करून दिली. घाबरले की मला एकच सुचायचं. "थँक यू," म्हणाले आणि आत निघाले.

बाई मागून धावत आल्या. "अगं, कोण गेलं?"

"कुणी नाही. हा प्रोटेस्ट. आमच्याकडे फीत लावून काम करतात."

"म्हणजे कुणी मेलंच नाही?" मागून कुणीतरी ओरडलं. "मग आत काय चाललीय? फुटली की काय?" पोर्टर टोपी हातात धरून बघतच राहिला. ती नजर आठवली की अजून कान तापतात. त्या देशात मला ओळखणारी माणसं तेवढीच होती.

बाईंनी माझी फीत काढली, दातांनी फाडून दोन तुकडे केले आणि एक स्वतःच्या बाहीला लावला. "मेलंय की! आपलं किचन मेलंय. आणि ही आपल्यातलीच आहे."

"मग मलाही दे की एक," पोर्टर म्हणाला.

दिवसभर मी बाईंना चिकटून उभी राहिले. मान काही वर होईना. फीत कशाची होती, तेही सांगितलं नाही.

बाई आता ब्रिस्टलला बहिणीकडे असतात. गुडघे गेलेत म्हणे. त्या दिवशी थँक यू नको त्यांना म्हणून झालं, बाईंना म्हणायचं राहिलं. एकदा ब्रिस्टलला जाईन. त्यांना खुर्चीत बसवीन आणि त्यांच्या घरची सगळी भांडी मी घाशीन.