इस्त्रीखालचं प्रमाणपत्र

माझ्या रग्बीतल्या कारकिर्दीचा एकमेव सरकारमान्य पुरावा मी स्वतःहून लॅमिनेट करून आणला. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं विचारलंही, "जाड करू का पातळ?" मी म्हणालो, "जाड करा. नातवंडांनी बघायला पाहिजे."

राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या राज्याच्या संघाला पदक मिळालं, त्याचं ते प्रमाणपत्र. बारा वर्षं मी हा खेळ खेळलो, आणि तोही पहिल्या फळीत. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी मुंडकी एकमेकांत खुपसून रेटतात, त्यातले सगळ्यांत पुढचे आम्ही. आमच्या वडिलांनी गावी, देवगाव रंगारीला, मोबाइलवर हे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यापरीस बैल बरा, त्याला येसण तरी असती." शेवटची दोन वर्षं करारावर खेळलो. म्हणजे मी व्यावसायिक खेळाडू. फक्त हा व्यवसाय वर्षातून काही आठवडेच चालतो. बाकीचं वर्ष जिममध्ये लोकांची पोटं आत ढकलण्यात जातं. खांदा दोनदा निखळला, रेटून रेटून कानांची भजी झाली, आणि वय असं झालं की खेळाडूंच्या राखीव कोट्यातून सरकारी लिपिक व्हायचं तर ही जाहिरात शेवटची. पुढची येईल तेव्हा मी वयात बसणार नव्हतो.

अर्जाआधी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. क्रीडा कार्यालयातल्या बाबूंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, नखानं खरवडलं.

"लॅमिनेशन केलं व्हय?"

"टिकावं म्हणून."

"नाय चालत. शिक्क्याची शाई खरी का खोटी, कसं कळायचं? काढून आणा."

"साहेब, चालत नाही हे लिहिलंय का कुठं?"

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांला माहीत असतं." आणि कागद माझ्याकडं सरकवत, "रग्बी म्हंजी कबड्डीसारखंच ना, दादा?"

इथं माझं डोकं सणकलं. बारा वर्षं मी ह्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. गल्लीत टेनिस बॉलनं षटकार मारणाऱ्याचा फ्लेक्स चौकात लागतो, आणि आम्ही राज्याच्या नावानं हाडं मोडून घेतो तर कबड्डी! सरावाला मैदान मिळायचं ते क्रिकेटवाल्यांचं आटोपल्यावर, आणि वर अट ही की खेळपट्टीवर पाय ठेवायचा नाही. खेळपट्टी मैदानाच्या बरोबर मध्यावर. मग आम्ही काय कडेकडेनं रेटारेटी करायची? एकदा तर रखवालदारानं आमचा लांबुळका चेंडूच जप्त केला. म्हणे, असली वस्तू मैदानात आणायची परवानगी नाही.

हा सगळा बारा वर्षांचा संताप घेऊन मी घरी आलो आणि इस्त्री तापवली. बायको म्हणाली, "अहो, दुकानात विचारा ना आधी." मी म्हणालो, "प्लॅस्टिक आहे ते. गरम केलं की सुटतं." सुटलंच. सोबत सचिवांची सही आणि जांभळा शिक्काही सुटला. कागदावर माझं नाव उरलं आणि शिक्क्याच्या जागी पांढरं टक्कल.

प्रमाणपत्र देणाऱ्या राज्य रग्बी संघटनेला फोन लावला. उत्तर आलं, दुय्यम प्रत मिळेल, पण मूळ प्रमाणपत्र हरवल्याची पोलिसांतली नोंद जोडा.

"हरवलं नाही, माझ्या हातात आहे. इस्त्रीनं गेलंय."

"तसा प्रकार आमच्याकडं नाही. हरवलं म्हणा की."

म्हणायला काय जात होतं? पण माझ्यातला खेळाडू नको तेव्हा जागा झाला. ज्या खेळाला ह्या शहरात कुणी खेळ मानत नाही, त्याच्या एकुलत्या एका कागदासाठी वर खोटंही बोलायचं? मी ताठ मानेनं अर्ज लिहिला: 'सदर प्रमाणपत्र माझ्या हातून इस्त्री करताना खराब झाले.' हा अर्ज कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा हेच त्यांना कळेना. तो ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मी रोज फोन करायचो, रोज तावातावानं बोलायचो, आणि रोज मला दुसराच माणूस 'पहिल्यापासून सांगा' म्हणायचा.

दुय्यम प्रत आली ती अर्जाची मुदत संपल्यावर चार दिवसांनी. सही ठळक, शिक्का जांभळा, सगळं जागच्या जागी. तरी मी ती घेऊन बाबूंपुढं उभा राहिलो. खरं बोलणाऱ्याची ही गत होणार असेल तर खेळाडूंनी जायचं कुठं, खोटं सांगितलं असतं तर आठवड्यात काम झालं असतं, हा काय न्याय झाला, असं बरंच मोठ्यानं बोललो. शेजारच्या टेबलांवरची कामं थांबली.

माझा दम संपल्यावर बाबूंनी प्रत उलटसुलट पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "दादा, राग नका मानू, पण झालं ते लई बरं झालं. लिपिकाला दिवसभर दुसऱ्यांचे कागद सांभाळावे लागत्यात."