मला सुतक आहे

मागच्या वर्षी ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर यजमानांचे कोणीतरी चुलत चुलते वारले, तिकडे अकोल्याला. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. यजमानांनाही त्यांचा चेहरा धड आठवेना. पण फोन आला आणि घरातली देवपूजा बंद, लोणच्याच्या बरणीला हात लावणं बंद, महालक्ष्म्याही बसल्या नाहीत. भावकीचं सुतक, पाळायलाच हवं. मी निमूटपणे पाळलं.

यंदा महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या आणि माझी मैत्रीण गेली. शाळेच्या बाकापासूनची. तेव्हा ती पुसदच्या बाहेरच्या बंजारा तांड्यावरून पायी शाळेत यायची आणि न विचारता माझ्या डब्यातलं लोणचं संपवायची. पुढे लग्नं होऊन दोघीही गावातच राहिलो. तिने बाजारात फॉल-पिकोचं दुकान टाकलं. माझी बाळंतपणं, सासूबाईंचं अंथरुणाला खिळणं, पोरीचं लग्न, सगळ्याला ती होती. छातीत दुखत होतं तर कोणाला सांगितलं नाही तिने. गॅस झाला म्हणत मशीनवर बसून राहिली आणि यवतमाळला नेता नेता रस्त्यातच गेली. याचाही मला राग आहे. दुसऱ्याला साधा खोकला झाला तरी दंडाला धरून डॉक्टरकडे नेणारी बाई ही!

तिला नेलं आणि मी घरी आले. पायातली चप्पलही काढली नव्हती, तोच मोबाईलवर थोरल्या जाऊचा निरोप. वर हात जोडलेलं चित्र, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि लगेच त्याच्याखाली, सोळा भाज्यांतल्या तू कोणत्या आणशील?

मी फोन लावला. म्हटलं, "ताई, यंदा माह्याच्यानं होणार नाही. मले सुतक आहे."

"तुले कायचं सुतक? ते का आपल्या भावकीतली होती?"

"नव्हती."

"मंग? सणासुदीचं काहीतरी काढून राह्यली. डोक्यावरून आंघोळ केली का झालं."

आंघोळ केली का झालं! फोन आपटावासा वाटला.

आमच्या महालक्ष्म्यांना साड्या कोण नेसवायचं? तीच. दरवर्षी. माझ्या हातच्या निऱ्या बघून कपाळाला हात लावायची, तांड्याच्या बोलीत आईला हाक मारायची. "याडी! काय व, साडी नेसवली का गाठोडं बांधलं?" असं म्हणून मला बाजूला सारायची. मग कमरेला पदर खोचून, तोंडात टाचण्या धरून त्या लोखंडी स्टँडला अशी काही साडी नेसवायची, की दर्शनाला येणाऱ्या बाया आधी निऱ्या बघायच्या आणि मग मुखवट्यांना हात जोडायच्या. जाऊबाई तर जणू स्वतःच नेसवली अशा थाटात कौतुक करून घ्यायच्या. तेव्हा नाही कोणी तिची भावकी विचारली. देवीच्या अंगाला तिचा हात चालत होता, तिच्या मरणाचं सुतक मात्र चालत नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांना एकदा समोर बसवून विचारायचं आहे मला.

यजमान समजूत घालायला आले. "मनातल्या मनात पाळ ना. लोकाईले कायले सांगतं?"

"त्या अकोल्यावाल्यांचं काहून नाही पाळलं मनातल्या मनात?" मी म्हटलं. त्यांनी पेपर उघडला.

मी मागच्या खोलीत चटई टाकून बसले. महालक्ष्म्या आमच्याच घरी बसतात, त्यामुळे सणाच्या दिवशी जाऊबाई येऊन कामाला लागल्या. भांड्यांच्या आवाजातच त्यांचा राग कळत होता. पुरण शिजलं, आंबील झाली, फुलोरा टांगला. येणाऱ्या बायांना त्या सांगत होत्या, तिची तब्येत बरी नाही. तब्येतीला माझ्या काय धाड भरली होती!

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतली म्हातारी आली. बाहेरून तिचा खणखणीत आवाज ऐकू आला, "यंदा निऱ्या काहून फुगल्या व? ते पिकोवाली नाही आली काय?"

जाऊबाई तिला प्रसाद घ्यायचा आग्रह करू लागल्या. मग मी उठले आणि तशीच, न विंचरलेल्या केसांनी बाहेर गेले. मला बघून म्हातारीला आनंद झाला. ताटातल्या करंड्यात बोट बुडवून ती मला कुंकू लावायला पुढे झाली.

"ते मेली," मी म्हटलं. "तिचं सुतक आहे मले."

माझ्या कपाळापर्यंत आलेलं बोट थांबलं. तिने विचारलं नाही, ती तुझी कोण. सुतकातल्या कोणत्याही बाईपुढून घ्यावा तसा तिने मुकाट्याने हात मागे घेतला, आणि मैत्रीण गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले.