झिऱ्यावरचं चौथं कलम

सुमनचा फोन आला तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. "विमल, सर गेले गं," एवढंच ती बोलली. मग सत्तरीला टेकलेल्या आम्ही दोघी बायका फोनच्या दोन टोकांना रडलो... आणि खरं सांगते, रडणं ओसरून पाच मिनिटं होत नाहीत तोवर आमचं जुंपलं, चौथं कलम नेमकं कुणाला सुचलं यावरून. ती म्हणे तिला, मी म्हणे मला. भालेराव सरांच्या विद्यार्थिनींना दुखवटासुद्धा मुकाट्यानं पाळता येत नाही. त्याला आता दीड महिना झाला, वाद मिटत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

परंडा तालुक्यात सीनेच्या काठावर आमचं गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. सर आमच्या हायस्कुलात आले ते बहात्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर. मूळचे मुरुमकडचे, बौद्ध कुटुंबातले, औरंगाबादेत वकिलीचं एक वर्ष करून मास्तरकीत शिरलेले. नागरिकशास्त्र हा आमचा पेंगायचा तास. त्यातही संयुक्त राष्ट्रं, आंतरराष्ट्रीय कायदा, मानवी हक्कांचा जाहीरनामा हे सगळं पुस्तकाच्या शेपटाकडं, चार मार्कांचं. आधीचे सर "घरी वाचा" म्हणून मोकळे व्हायचे. भालेराव सरांनी पुस्तक शेपटाकडूनच धरलं. पहिल्याच तासाला विचारलं, "गावात दोघं भांडली तर कुणाकडं जाता?" पोरं म्हणाली, पाटलाकडं, नाहीतर फौजदाराकडं. "आणि दोन देश भांडले तर? त्यांचा पाटील कोण?" पोरं पुस्तकं चाळायला लागली. सर खूश होऊन हात चोळत म्हणाले, "कुणीच नाही. आणि तरी कायदा आहे. हीच तर गंमत आहे." नववीच्या वर्गात मी त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसले.

त्या साली शिमग्याच्या आधीच नदी वाळूची झाली. पात्रात एका ठिकाणी तेवढा झिरा लागला होता, म्हणजे वाळूत कंबरभर खोल खड्डा आणि तळाशी वाटीवाटीनं पाझरणारं पाणी. बाईनं आत उतरून वाटीनं घागर भरायची. बाकीच्यांनी रिकामी घागर ओळीत ठेवून घरी जायचं. घागर उभी म्हणजे माणूस उभा, असा तिथला रिवाज. पण पल्याडच्या गावालाही दुसरं पाणी नव्हतं. त्यांनी आमच्या घागरी ओळीतून फेकल्या, आम्ही त्यांच्या चेपवल्या, एकाचं डोकं फुटलं. आमचा तहसीलदार तिकडं चालत नव्हता आणि त्यांचा इकडं. माझे वडील, अण्णा, गावच्या सोसायटीचे चेअरमन, त्यांचंही पल्याड कुणी ऐकेना.

सरांना तर घबाडच मिळालं. आमच्या शाळेत दोन्ही गावांची पोरं होती. सरांनी वर्ग मधोमध दोन बाजूंना बसवला आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. "मी न्यायाधीश नाही. तुमच्यावर कुणीच नाही. करा करार." तीन दिवस आम्ही घसा बसेपर्यंत भांडलो. "झिरा आमच्या हद्दीत हाय." "मग पाणी काय तुमच्या हद्दीत जल्मलं व्हय?" सर मधूनच टाळी वाजवायचे, "अरे, हे तर मोठमोठ्या नद्यांवरून राजदूत बोलतात तसं बोललास तू." आमच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. शेवटी तीन कलमं ठरली. एकाआड एक घागर, एक अल्याडची, एक पल्याडची. रिकामी घागर कुणी हलवायची नाही. बाळंतिणीच्या घरची घागर पुढं. अक्षर माझं चांगलं, म्हणून लिहिलं मी. आम्ही तो कागद झिऱ्यावर नेऊन वाचला, आणि भांडून दमलेल्या मोठ्या माणसांनी "पोरांनी लिहिलंय, बघू" म्हणत दोन्हीकडून सह्या केल्या. भांडणं थांबली. आम्ही आठवडाभर जमिनीवर चालतच नव्हतो.

मग सरांनी पुढचं प्रकरण काढलं, मानवी हक्कांचा जाहीरनामा. प्रत्येक कलम वाचायचं आणि ते आपल्या झिऱ्याला लागू होतं का ते सांगायचं. आम्ही उत्साहानं सगळ्याला "होतं, होतं" म्हणत होतो. एवढ्यात सुमन दारात आली. ती आमच्याच वर्गातली, बौद्धवस्तीवरची. रोज दोन तास बुडवून यायची. हजेरी भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही, असं हेडमास्तरांनी तिला बजावलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "आता तर करार झालाय की. तरी उशीर?"

"त्यो तुमचा झिरा हाय," सुमन म्हणाली. "आमाला मैलभर खाली जावं लागतंय. तितं धड पाझर न्हाय."

दोन्ही गावांच्या एकाएका घागरीचा हिशेब मांडणारी मी. वस्तीची घागर त्या ओळीत लागतच नाही, हे मला रोज डोळ्यांनी दिसत होतं आणि तीन दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मी कसंबसं विचारलं, "सर, तुम्ही कुठलं पाणी पिता?" सर वस्तीवरच खोली घेऊन राहायचे. ते शांतपणे म्हणाले, "सुमनच्या झिऱ्याचं."

म्हणजे खिडकीत बसून ते आमचा करार ऐकत होते, टाळ्या वाजवत होते, आणि त्यात ते स्वतः कुठंच नव्हते... मला रडू फुटलं. सर म्हणाले, "रडण्यापेक्षा दुरुस्ती करा. जगातले सगळे करार दुरुस्त होतात. पण लिहायचं असेल तर तुम्हीच लिहा, मी एक शब्द सांगणार नाही." सुमन माझ्या बाकावर येऊन बसली आणि चौथं कलम झालं: ओळीत येईल ती प्रत्येक घागर लागेल, ती कुणाच्या घरची हे विचारायचं नाही. शेवटचे शब्द माझेच आहेत, सुमन काहीही म्हणो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झिऱ्यावर ते वाचलं. अण्णा पुढं आले. "हे त्या मास्तरनं लिहून दिलं का?"

"न्हाय अण्णा. म्या लिहिलंय."

आणि त्यांच्यादेखत मी सुमनची घागर उचलून आमच्या घागरीमागं लावली. सात-आठ बायकांनी आपापल्या घागरी ओळीतून काढून घेतल्या. मग पल्याडची एक म्हातारी आली, तिनं आपली घागर सुमनच्या घागरीमागं टेकवली. "तान काय जात बघून लागती व्हय?" म्हणाली आणि पदर सावरून वाळूत बसली. अण्णांनी सही केली नाही, पण आमची घागरही काढली नाही. ते घरी निघून गेले. आईनं ती घागर त्या दिवशी चिंच लावून तीनदा घासली. काढलेल्या घागरी तिसऱ्या दिवशी परत आल्या. मनं बदलली असं मी म्हणणार नाही, दुसरं पाणीच नव्हतं. पण सुमन पहिल्या तासाला वर्गात होती. तिची हजेरी भरली, ती परीक्षेला बसली आणि पुढं नर्स झाली.

जूनमध्ये सरांची बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही आणि ते सगळ्यांना माहीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले. वर्षभर वह्या घेऊन जात होते मी तिथं, भर उन्हातून, पण सरांनी मला कधी पाणी विचारलं नव्हतं. मला ते तुसडेपणाचं वाटायचं. त्या दिवशी दारात उभी असताना लख्ख कळलं. त्यांनी विचारलं असतं तर चेअरमनच्या पोरीला "नको" म्हणावं लागलं असतं, आणि ती वेळ ते माझ्यावर येऊ देत नव्हते.

मी म्हणाले, "सर, तहान लागलीय."

सर रांजणाकडं असे धावले की वाटेत बांधून ठेवलेल्या पुस्तकांना अडखळले. मी तांब्या रिकामा केला. "आणखी?" त्यांनी विचारलं. मला नको होतं, पण मी "द्या" म्हणाले. दुसराही प्याले. एवढ्या दुष्काळात दोन तांबे.

परवा सुमन आणि मी त्यांच्या धाराशिवच्या घरी गेलो. आम्ही चपला काढतोय तोवर त्यांची लेक पाणी घेऊन दारात. सुमनला एक तांब्या, मला दोन. "बाबांनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "विमलताई आल्या की दोन."