टाकीतली थाप

मी बुढी सांगतो अन नात लिहून राहिली. बोलतो तसंच लिही म्हनलं तिले, साफसूफ करू नोको. तुमच्या ह्या पानावरचे भुताखेताचे अनुभव नात मले रोज वाचून दाखवते.

भूत, सावली, अंगात येनं... मी कधी मानलं नाही. मानाले टाइम कुठं होता? सारं गाव मसनाच्या रस्त्याले भेवे, अन मी तिथूनच मासोळीची टोपली घेऊन बाजाराले जाओ. काही भेटलं नाही. एकदा कुत्रं भेटलं, त्यानं दोन मासोळ्या खाल्ल्या.

पन हे जे झालं ते...

अड्याळच्या बाजूले आमचं गाव. आमी ढिवर. बुढा, म्हंजे माहा नवरा, जवानीत बोडीतल्या, म्हंजे गावच्या बारक्या तळ्यातल्या, मासोळ्या धरे. मंग कॉलेजात पान्याच्या कामावर लागला. मोटार, टाकी, नळ, सारं त्याच्याकडं. लागला अन तिथंच त्यानं दुसरी केली. सिंधू. कॉलेजात झाडू मारे. मी रडली नाही, लेकरं वाढवाची होती. बुढा मेला तवा पोटासाठी मी बी तिथंच झाडू माराले लागली. खालचा मजला माहा, वरचा तिचा.

बुढ्याच्या जागेवर मानूस नाही भरला. युनिवर्सिटीनं मापाच्या डब्या बसवल्या. भिंतीले ओल आली, डबी सांगते. मोटार तापली, डबी सांगते. टाकीत पानी किती, ते बी डबीच सांगते, मोबाईलवर. आता मोबाईल कोनाले द्याचा? सिंधू सातवी शिकली, माहा अंगठा. तिलेच देल्ला. नवरा बी तिले, मोबाईल बी तिलेच!

पावसाळा लागला अन एका दुपारी मोबाईल वाजला. मोटार बंद, नळ बंद, अन टाकीतलं पानी वर-खाली होऊन राहिलं म्हने. सिंधू गच्चीवर पळाली. माहे गुडघे... मी पोचेपर्यंत सारं चुप. सिंधू टाकीले कान लावून उभी, डोळ्यात पानी.

"बाई, थाप मारून राहिले होते आतून. ते आले."

"कोन ते?"

"ते... आपले."

आपले! मले असा राग आला.

मंग ते रोजचंच झालं. दुपारी मोबाईल वाजे, सिंधू पळे, मी जिना चढेपर्यंत बंद. खाली येऊन मले सांगे, "आज बहुत वेळ होते, बाई." केसाले तेल, तोंडाले पावडर लावून याले लागली. मी म्हनलं, "सिंधे, मेलेल्या मानसापाशी जाले पावडर कायले वं?" तं लाजली. पन्नाशीची बाई लाजली! जित्तेपनी तं माह्याजवळून गेलाच होता, आता मरून बी तिलेच हाका मारते? एक डाव मले मारली असती तं काय बिघडलं असतं?

सिंधू लेकीकडं लाखांदूरले गेली, तवा मोबाईल माह्यापाशी आला. मी सकाळीच गच्चीवर जाऊन बसली. डबा बी तिथंच खाल्ला. टाकीले म्हनलं, "मी हाव इथं." काही नाही. सिंधू येईपर्यंत एक डाव बी वाजला नाही.

शेवटी युनिवर्सिटीचे साहेब आले. डबी बदलवली. तरी तेच. टाकीचं झाकन उघडून पाहिलं, पानी बुडापर्यंत साफ.

"मावशी, कोनी मासोळी गिसोळी सोडली काय यात?"

"साहेब, मी सोडली असती तं आतापर्यंत रांधून खाल्ली असती," मी म्हनलं.

ते हासले. मंग कम्प्युटरवर रेघ दाखवली. पानी हाललं का रेघ उडते म्हने. मले वाचता येत नाही, पन रेघ तं दिसते. दोन बारक्या उड्या, मंग जागा सोडून एक मोठी. पुन्हा दोन बारक्या, एक मोठी. साऱ्या दिवसाइची तशीच.

मी तसंच बोटानं वाजवून पाहिलं.

बोडीत बुढा तिकडल्या काठून पान्यावर थापा मारत मासोळ्या हाकले. मी इकडं छातीएवढ्या पान्यात जाळं धरून उभी, लेकरू काठच्या पाळीवर निजवलेलं. दोन हलक्या थापा अन एक मोठी म्हंजे, ओढ. मी जाळं ओढून एक थाप मारो, म्हंजे ओढलं. जोपर्यंत माही थाप ऐकू येत नाही, तोपर्यंत तो मारतच राहे.

सिंधू बोडीत कधी उतरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पहिलेच वर जाऊन बसली. खालून सिंधू वरडली, "बाई, आले वो!" मी टाकीले हात लावला. आतून लागलं... माह्या तळहाताले लागलं. दोन हलक्या. मंग एक मोठी.

मी झाकन सरकवलं, हात आत घातला अन पान्यावर एक थाप मारली.

पानी उगं झालं.

तवापासून रेघ सरळ. साहेब म्हनते, नवी डबी नीट जमली आता. सिंधू माह्यासंग भांडली, "तुमी काय केलं?"

"जबाब देल्ला. मले बोलावून राहिला होता तो, तुले नाही."

तिनं पदरानं मोबाईल पुसला. मंग म्हने, "असंन. पन मोबाईल तुमच्यापाशी होता, तवा काहून नाही आले, बाई?"

हे नातीले बी नाही समजलं, साहेबाले तं इचारूच शकत नाही. तुमच्यातल्या कोनाले समजत असंन तं सांगा. तिले पुरा पावसाळा भेटला, मले एकच थाप... अन ते बी माह्यासाठीच होती का, ते सांगाले तो आता येत नाही.

दुपारी सिंधू मोबाईल हातात धरून पायरीवर बसते. मी बी बसतो, तिच्या बाजूले. मोबाईल तिच्याच हातात राहू देतो.