जीपवाले शेजारी

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास सोलापुरात आमच्या शेजाऱ्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली आणि अंगणात खोलून ठेवली. कधीही विचारा, "झालीच की आता," एवढंच म्हणायचे. बोलताना मान तिरकी करून इंजिनाकडं कान द्यायचे, इंजिन बंद असलं तरी.

शेवटी एका रविवारी जीप सुरू झाली. गल्ली गोळा झाली. हे मात्र स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि बायकोला म्हणाले, "चल की."

वहिनींनी पदर खोचला. माहेरी अक्कलकोटला त्यांनी ट्रॅक्टर चालवला होता.

"तुम्हाला येत नाही चालवायला?" मी न राहवून विचारलं.

"माझं सगळं ध्यान इंजिनात. रस्ता कोण बघणार?"

जीप ऐटीत निघाली. पोरं टाळ्या पिटत होती, आणि हे दांडी घट्ट धरून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. कोपऱ्यावर जीप आचके देऊन बंद पडली.

"अहो, आता काय झालं हिला?" वहिनी हिरमुसल्या.

"थांब की, बघतो," म्हणत ते टुणकन उतरले. बॉनेट उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच हसू दिसलं.