भावाच्या विमानाची बॅटरी

परभणीत स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. बोलण्याआधी ते चष्मा कपाळावर सरकवतात. माझ्या वारलेल्या भावाने बनवलेल्या रिमोटच्या विमानाची जुनी बॅटरी सगळ्यांनी फेकायला सांगितली होती. चाचा म्हणाले, "थांबा, जान हाय अजून."

आठ दिवस ते ती हळूहळू चार्ज करत, पुन्हा रिकामी करत राहिले. एक सेल मेलेलाच निघाला, तो त्यांनी बदलला.

विमान उडवायला पेडगावच्या माळावर ते स्वतः आले. बॅटरी किती वेळ टिकते ते बघायला त्यांनी आधी विमान जमिनीवरच बराच वेळ चालवायला लावलं. मग ते उडालं. मला खाली आणवेना. चाचांचं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं.

"उतरवा आता," ते हळूच म्हणाले, "उद्याबी उडवायचंय न्हाई का?"