नामदेवाचं बोट

रेकॉर्ड ऐकण्याची माझी एक वही आहे. पानावर पाच रकाने आखलेले: तारीख, राग, बाजू, पिन बदलली का, आणि शेरा. पहिल्या चार रकान्यांनी मला कधी त्रास दिला नाही. शेऱ्याला मात्र मी बोटभर जागा ठेवली आणि तिथेच चुकलो. शेरे समासात गेले, समासातून पाठकोऱ्या कागदांवर गेले, आणि आता ते कागद वहीपेक्षा जाड झाले आहेत. परवा ते लावायला बसलो तर दुपार गेली आणि एकही कागद लागला नाही. एक वाचला की दुसरा आठवायचा.

सोनईच्या पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्या जोरावर, शाळेत एक दिवसही न शिकवता, मी सगळ्यांचा ‘मास्तर’ झालो. दुकानामागे घर, घरामागे अंगण. सदुसष्ट साली श्रीरामपूरच्या एका लाउडस्पीकरवाल्यानं विजेचं मशीन घेतलं, तेव्हा त्याचा चावीचा फोनो स्प्रिंग तुटलेल्या अवस्थेत माझ्याकडे आला. तो चालता करायला सव्वा महिना लागला. तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता आमच्या अंगणात, कडुलिंबाखाली, रेकॉर्डी लागतात.

०

अंगणाचा नियम माझा नाही, इंदूचा आहे. इंदू म्हणजे माझी बायको.

पहिल्या रविवारी आठ माणसं आली, चहा प्याली, गाणं ऐकलं आणि झाडांची आळी तुडवून गेली. दुसऱ्या रविवारी तिनं दारातच सांगितलं, “अंगणात बसायचं तर आधी अंगणाचं काम. मग तुमचं गाणं.”

झाडायचं, निंदायचं, आळी नीट करायची, पाणी घालायचं. आठाचे पाच राहिले, पण राहिले ते पक्के.

एकदा साखर कारखान्यातले एक साहेब मुद्दाम जीप काढून आले. पांढरीशुभ्र पँट, पायात पॉलिश केलेले बूट. मी इंदूला डोळ्यांनी खुणावत होतो, यांना राहू दे म्हणून. तिनं त्यांच्या हातात खराटा दिला.

साहेब म्हणाले, “मी गाणं ऐकायला आलोय, बाई.”

“मग लवकर आटपा,” इंदू म्हणाली. “अकराला सुरू होतं.”

साहेबांनी झाडलं. मी दोन दिवस त्यांच्यासमोर जायला नको म्हणून कारखान्याचा रस्ता टाळला. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, घरचा खराटा घेऊन.

“तुमचा आखूड आहे,” म्हणाले. “कंबर धरते.”

०

साळवे गुरुजी श्रीरामपूरहून येतात. शाळेत गणित शिकवतात आणि चर्चमध्ये पेटी वाजवतात. रविवारची पहाटेची उपासना आटोपली की एस.टी. धरायची, आणि साडेबाराच्या गाडीनं परत.

ही परतीची गाडी त्यांच्या हातून फार वेळा सुटायला लागली, तेव्हा कंडक्टरच त्यांना बोलवायला येऊ लागला. कुंपणापाशी उभा राहून हाक मारायचा. एका रविवारी त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. रेकॉर्ड संपेपर्यंत तो हलला नाही. पुढच्या वेळेपासून तो बाराच्या ठोक्याला यायला लागला.

मग एकदा एक उतारू त्याला शोधत आला. “कंडक्टर, गाडी का सुटंना?”

“थांबा जरा,” कंडक्टर म्हणाला. “दुसरी बाजू राहिलीय.”

इंदूनं दोघांच्या हातात एकेक खुरपं दिलं. दोघं जाईच्या आळ्यात उकिडवे बसले. शेवटी स्टँडवरून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, लांबलचक, वैतागून. साळवे गुरुजींनी डोळे मिटूनच मान हलवली.

“सुरात आहे,” म्हणाले.

०

आता नामदेव. हा शिंगणापूरचा शेतकरी, माझ्याच वयाचा. गावाच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या घराला दार नाही. चार मैल सायकल मारून येतो. निंदणीत त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. वाचता येत नाही, पण तबकडीच्या कडेची झीज बघून कुठला राग ते सांगतो. मी तीन-चारदा लेबलावर कागद आडवा धरून परीक्षा घेतली. चुकला नाही.

आमच्याकडे जौनपुरी रागाची एक तबकडी आहे. ती गायलेल्या बुवांचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठेही छापून आलेलं त्यांना खपत नाही. ही तबकडी म्हणजे आमच्या अंगणाचा मान. मिळवायला दोन वर्षं लागली होती. ती नेहमी शेवटी लागे, आणि तिच्यातली शेवटाकडची तान नामदेवाची. म्हणजे ती त्याचीच आहे असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. तान आली की पिन कशी थरथरते ते त्याला वाकून पाहायचं असे.

एका रविवारी साळवे गुरुजींना लवकर निघायचं होतं म्हणून जौनपुरी आधीच लावली. नामदेव जाईपाशी निंदत होता. तान जवळ आली तसा तो धावत आला. पिनेवर वाकला. हात चिखलानं ओला, आणि हातात खुरपं तसंच.

ते निसटलं.

मी पिन उचलली, तबकडी पुसली, पुन्हा लावली. तानेपर्यंत सगळं ठीक. तिथे आल्यावर चार सूर. पुन्हा तेच चार सूर. पुन्हा तेच.

नामदेव म्हणाला, “मास्तर, हात तोडा माझा.”

“हात राहू दे,” मी म्हणालो. “बोट पुढे कर.”

पिन ज्या डबीत बसवतात तिला किती हलकं टेकायचं ते मी त्याला दाखवलं. घड्याळाच्या चाकाला लावतो तेवढंच. त्यानं बोट टेकवलं. पिन चरा ओलांडून गेली आणि तान पुढे निघाली.

मी पुण्यामुंबईच्या दुकानांना अकरा पत्रं लिहिली. ती तबकडी निघायची केव्हाच बंद झाली होती. शेवटचं उत्तर मी नामदेवाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ माती कुस्करत बसला.

“मी भरून देनार,” म्हणाला. “कशी ते ठावं न्हाई. पर देनार, मास्तर.”

०

तेव्हापासून ते बोट नामदेवाचंच. दुसऱ्या कोणी लावलं तर पिन सरळ मधल्या लेबलावर जाऊन पडे. मी स्वतः करून पाहिलंय, आणि मी बारीक कामाचा माणूस आहे.

त्याच्या मुलाची हळद नेमकी रविवारी आली. आम्ही ठरवलं, आज जौनपुरी नाही. अकरा वाजून गेले, दोन रेकॉर्डी झाल्या, आणि फाटकात सायकल आदळली. डोक्याला फेटा, अंगाला हळद.

“अरे, घरात कार्य ना तुझ्या?” इंदू म्हणाली.

“बायका हळद लावत्यात, वयनी. माझं तिथं काय काम?” असं म्हणून त्यानं चार तण उपटले. नियम म्हणजे नियम. मग फोनोपाशी बसला, तानेला बोट लावलं, आणि शेवटचा सूर संपायच्या आत सायकलवर बसून गेला.

डबीवर एक पिवळा ठिपका राहिला. मी दर रविवारी फोनो पुसतो. तो ठिपका सोडून.

०

मग दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरीत बादली टेकली की गाळ यायचा. इंदूनं नियम बदलला: निंदायला काही उगवलंच नाही, तेव्हा प्रत्येकानं येताना घरचं वापरलेलं पाणी आणायचं. आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं, कसलंही.

साहेब जीपमधून कळशी आणत. नामदेव सायकलला डबा बांधून आणी. साळवे गुरुजी श्रीरामपूरहून फिरकीचा तांब्या मांडीवर धरून येत. एस.टी.त कोणी प्यायला मागितलं तर सांगत, “साबणाचं आहे. संगीतासाठी नेतोय.”

पुढे कुणी त्यांच्या शेजारी बसेनासं झालं.

त्या वर्षी पेठेतल्या बऱ्याच परसांतली झाडं गेली. आमची जाई फुलली. हे मी वहीत लाल शाईनं लिहिलं आहे.

०

त्याच हिवाळ्यात बुवांचं गाणं नगरला ठरलं. एका शाळेच्या हॉलमध्ये. नामदेव, साळवे गुरुजी आणि मी, तिघं गेलो.

मध्यंतरात नामदेव शेजारी नव्हता. बुवा ज्या खोलीत चहा घेत होते तिचं दार लोटलेलं होतं. पण दार म्हणजे काय हे शिंगणापूरच्या माणसाला कोण सांगणार? तो सरळ आत गेला होता. गुरुजी आणि मी बाहेर उभे.

आतून बुवांचा भारी आवाज आला. “खेड्यात माझं गाणं कोण ऐकणार हो?”

मग नामदेवाचं काहीतरी पुटपुटणं. मग बुवा हळू काहीतरी म्हणाले. आणि मग नामदेव गायला लागला. बुवांसमोर. बुवांची जौनपुरी.

“मेलो,” साळवे गुरुजी म्हणाले आणि भिंतीला टेकले.

गाणं थांबलं. आत बुवा दोन शब्द बोलले. मग नामदेव टोपी सारखी करत बाहेर आला.

“येत्यात म्हनले. येत्या रविवारी.”

“तू सांगितलंस तरी काय?” मी विचारलं.

“जे हाय ते. खुरप्याचं सांगितलं. तबकडी भरून द्यायचीय म्हनलं. तर म्हनले, तुमच्या तबकडीत कसं हाय ते म्हनून दावा.”

“आणि तू दाखवलंस?”

“व्हय. हाय तसं.”

साळवे गुरुजींनी कपाळाला हात लावला. “हाय तसं म्हणजे, अडकतं ते धरून?”

“मंग? खोटं कसं म्हनायचं?”

०

बुवा खरोखरच आले. नगरचे तबलजी बरोबर होते, पेटीला साळवे गुरुजी. अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेब कुंपणाबाहेर उभे होते. कंडक्टर आला होता, आणि यावेळी ड्रायव्हरही.

बुवा फाटकातून आत आले. रेशमी झब्बा, खांद्यावर शाल. मी हार घेऊन पुढे होणार, तोच इंदू पुढे झाली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

मला वाटलं, पाय धुवायला असेल. तसं असतं तर बरं झालं असतं.

“आमच्याकडे आधी अंगणाचं काम असतं,” ती म्हणाली.

मी मनातल्या मनात नगरची परतीची गाडी किती वाजता आहे ते आठवायला लागलो. बुवांनी तांब्याकडे पाहिलं, मग इंदूकडे.

“कुठलं झाड?”

“जाई.”

बुवांनी शाल नामदेवाकडे दिली. जाईच्या बुंध्याभोवती एक फेरा घालत, धार न तोडता, त्यांनी सगळं पाणी घातलं. थेंब बाहेर सांडला नाही. तांब्या इंदूला परत दिला.

“आता बसू?”

“बसा,” इंदू म्हणाली.

अकरा वाजता जौनपुरी सुरू झाली. पाऊण तास बुवा विलंबितात होते. त्या पाऊण तासाबद्दल माझ्याकडे चार पाठकोरे कागद आहेत, ते इथे देत नाही. मग त्यांनी तबकडीतली बंदिश घेतली आणि सगळं अंगण सरसावून बसलं.

नामदेव त्याच्या नेहमीच्या जागी होता. म्हणजे फोनोच्या उजव्या हाताला. आज तिथे फोनोच्या जागी बुवा बसले होते. शाल अजून त्याच्याच मांडीवर होती.

तान आली. आमच्यापैकी प्रत्येकाला ती जागा ठाऊक होती. दोन वर्षांत ती सलग अशी आम्ही ऐकलीच नव्हती. बुवांनी ते चार सूर घेतले.

पुन्हा तेच चार सूर घेतले.

पुन्हा तेच.

तबलजींनी मान वर करून पाहिलं. साळवे गुरुजींची बोटं पेटीवर त्याच चार पट्ट्यांवरून फिरत राहिली, डोळे मात्र माझ्याकडे. बुवांचे डोळे मिटलेले. पुन्हा तेच चार सूर. नामदेवानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पुन्हा तेच.

नामदेवानं शाल बाजूला ठेवली. बोट धोतराला पुसलं. गुडघ्यावर पुढे सरकला आणि बुवांच्या मांडीला ते बोट टेकवलं, घड्याळाच्या चाकाला लावतात तेवढंच.

तान पुढे गेली.